चाळीस टक्के स्कॉलरशिप म्हणजे नेमके किती रुपये? कॉलेजच्या ऑफर घरी बसून कशा ताडायच्या

बारावीचा निकाल लागायच्या आधीच फोन सुरू होतात. 'अभिनंदन! तुमच्या पाल्याला ४० टक्के मेरिट स्कॉलरशिप मंजूर झाली आहे. सीट लॉक करायला शुक्रवारपर्यंत पंचवीस हजार भरा.' फोन पुण्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठातून आलेला असतो. इकडे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, जिला सगळे 'कॅप' म्हणतात, ती सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना असतो. पलूस, तासगाव, कोरेगाव किंवा फलटणमधल्या घरात मग एकच प्रश्न फिरत राहतो: हातातली ४० टक्के सवलत धरायची, की कॅपची वाट बघायची?

हा लेख इंजिनिअरिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण गोंधळ तिथेच सर्वांत जास्त होतो. फार्मसी, एमबीएसारख्या कॅपमधून होणाऱ्या इतर व्यावसायिक प्रवेशांनाही हिशोबाची रीत हीच लागू पडते.

जाहीर दर आणि हातात पडणारा दर

ऊस घालणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये जाहीर केली. पण ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर. उतारा ०.१ टक्क्याने घसरला की क्विंटलमागे ३.४६ रुपये, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे कमी होतात. ही कपात साडेनऊ टक्के उताऱ्यापर्यंत चालते. शिवाय तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. म्हणून ३,५५० हा आकडा ऐकून कुणी घराचा स्लॅब टाकायला घेत नाही, बिल हातात पडल्यावरच बोलतो.

कॉलेजच्या ऑफरचंही तसंच आहे. '४० टक्के' हा जाहीर दर. ते चाळीस कशावर, किती वर्षं आणि कुठल्या अटीवर हे कळल्याशिवाय हातात काय पडणार ते सांगता येत नाही. उताऱ्याच्या जागी इथे सीजीपीए असतो, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी. आणि तोडणी-वाहतुकीच्या जागी होस्टेल, मेस आणि 'इतर शुल्क'.

फी एक नसते, तीन-चार फिया असतात

कुठल्याही कॉलेजची फी पावती घ्या. सर्वांत वर असते शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी. त्याखाली विकास शुल्क, मग परीक्षा शुल्क, मग विद्यापीठाची नोंदणी, विमा, जिमखाना, अनामत रक्कम असं बारीकसारीक.

राज्यातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ते आलं. ही मंजूर फी म्हणजे ट्यूशन आणि विकास शुल्क यांची बेरीज. सरकारी सवलत मात्र ट्यूशन आणि परीक्षा शुल्कावर मिळते, विकास शुल्क सहसा वेगळं भरावंच लागतं. 'फी माफ झाली असं ऐकलं होतं, मग हे पंधरा हजार कसले?' असं खिडकीवर विचारणारे पालक दरवर्षी असतात. ते पंधरा हजार विकास शुल्काचे.

सरकारकडून काय मिळतं आणि ते कुठे मिळत नाही

नियम बरेच आहेत. तुलनेला लागतात तेवढेच घेऊ.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून ट्यूशन आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो. लोक याला अजूनही 'ईबीसी' म्हणतात. ही सवलत कुटुंबातल्या दोनच अपत्यांना आहे. ओबीसी मुलांना त्यांच्या योजनेतून निम्मं ट्यूशन शुल्क मिळतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने या निम्म्या सवलतीत बसणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून ५० ऐवजी १०० टक्के सवलत सुरू झाली. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आपापल्या विभागांच्या पूर्ण शुल्काच्या योजना आहेत, त्यांच्या उत्पन्नाच्या अटी निरनिराळ्या.

टीएफडब्ल्यूएस नावाची आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात, ज्यांना ट्यूशन फी पूर्ण माफ. उत्पन्नाची मर्यादा इथेही ८ लाखच. सवलत त्या जागेलाच जोडलेली असते. पसंतीक्रम भरताना या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' लागलेला. तो कोड वेगळा भरला नाही तर कितीही पर्सेंटाइल असो, ही जागा मिळत नाही. मुलींना माफी आहेच, म्हणून खुल्या आणि ओबीसी मुलांच्या घरांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. कट-ऑफ नेहमीच्या जागेपेक्षा बराच वर जातो, तरी यादीत टाकायला पैसे पडत नाहीत.

आता कळीचा मुद्दा. निम्म्या आणि पूर्ण शुल्काच्या या सवलती कॅपमधून घेतलेल्या जागेवरच लागू होतात. त्याच कॉलेजात संस्थास्तरावरून, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून बसलात तर मिळत नाहीत. आणि खासगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना त्या लागूच नाहीत. म्हणजे विद्यापीठाची ४० टक्के सवलत घेताना तुम्ही सरकारची ५० किंवा १०० टक्के सवलत सोडून देत असता. फोनवरचा माणूस हे सांगत नाही. त्याने सांगावं अशी अपेक्षाही नको, तो त्याचं काम करतोय.

अलीकडे काही जुनी कॉलेजं स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं झाली आहेत. इमारत तीच, शिक्षक तेच, पाटी बदललेली. थोरल्या भावाला तिथे ईबीसी मिळाली म्हणून धाकटीला मिळेलच असं नाही. यंदाचा प्रवेश कॉलेज म्हणून आहे की विद्यापीठ म्हणून, हे आधी विचारा.

एका घराचा हिशोब

समजा, पलूस तालुक्यातलं घर. मुलगा खुल्या प्रवर्गातला, उत्पन्न ८ लाखांच्या आत. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिली ऑफर पुण्यातल्या विद्यापीठाची. वार्षिक फी ३,५०,००० आणि त्यावर ४० टक्के स्कॉलरशिप. पहिल्या वर्षी भरायचे २,१०,०००. होस्टेल आणि मेस मिळून वर्षाला १,४०,०००.

दुसरा पर्याय जिल्ह्यातलंच कॅपचं खासगी कॉलेज. ट्यूशन १,२०,०००, विकास शुल्क १५,०००. ईबीसीने ट्यूशन निम्मी झाली की भरायचे ७५,०००. घरून ये-जा, एसटीचा पास, बाहेरचं खाणं धरून वर्षाला २०,०००.

लोक सहसा २,१०,००० आणि ७५,००० समोरासमोर ठेवतात. 'फरक एक लाख पस्तीस हजारांचा आहे, पुणं आहे, काढू कसंबसं,' असं ठरतं. चूक इथेच होते, कारण हा एका वर्षाचा आणि नुसत्या फीचा फरक आहे.

चार वर्षांचा मांडू आणि दोन्हीकडे फी दरवर्षी ५ टक्के वाढते असं धरू. विद्यापीठाची मूळ फी चार वर्षांत होते १५,०८,५४४. स्कॉलरशिप चारही वर्षं ४० टक्केच राहिली तर भरायचे ९,०५,१२६. होस्टेलचे ५,६०,००० मिळवले की १४ लाख ६५ हजार. कॅपच्या कॉलेजला फीचे ३,२३,२५९ आणि ये-जा, खाण्याचे ८०,०००, मिळून ४ लाख ३ हजार. एक लाख पस्तीस हजारांचा वाटलेला फरक निघाला साडेदहा लाखांच्या वर.

मुलाच्या जागी मुलगी असेल तर कॅपच्या कॉलेजात ट्यूशन शून्य. चार वर्षांचं विकास शुल्क ६४,६५२ आणि ये-जा, खाण्याचा खर्च मिळून १ लाख ४५ हजारांच्या आत काम होतं.

उत्पन्न ८ लाखांच्या वर असेल, नवराबायको दोघं नोकरीत असतील, तर काय? मग सरकारी सवलत नाही. कॅपच्या कॉलेजची पूर्ण फी चार वर्षांत ५,८१,८६७ आणि वर ८०,०००, म्हणजे ६ लाख ६२ हजार. तरीही स्कॉलरशिपवाल्या पर्यायाच्या निम्म्याहून कमी. साताऱ्या-सांगलीकडे त्याहून स्वस्त पर्यायही आहेत: कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं आणि अनुदानित. तिथले कट-ऑफ चढे असतात, हे मान्य.

स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी जाते ती कशी

ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. इंग्रजीतली ती ओळ मराठीत साधारण अशी होते: 'पुढील वर्षांसाठी किमान ८.५ सीजीपीए व एकही विषय न राहणे आवश्यक.' आकडा जागोजागी वेगळा, ओळ मात्र हमखास असते.

साडेआठ ऐकायला सोपं वाटतं, कारण बारावीला ऐंशी-नव्वद टक्के पाहिलेले असतात. पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष हे गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स आणि प्रोग्रॅमिंग यांचं. मराठी माध्यमातून किंवा तालुक्याच्या कॉलेजातून गेलेल्या पोराचं पहिलं सत्र इंग्रजीतल्या लेक्चरशी जुळवून घेण्यातच जातं. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, की सीजीपीए साडेआठ असूनही अट मोडते.

वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षानंतर स्कॉलरशिप गेली, तर विद्यापीठाचा एकूण खर्च १४ लाख ६५ हजारांवरून १९ लाख २९ हजारांवर जातो. तेव्हा मुलगा दुसऱ्या वर्षात असतो. दुसरीकडे जायचं म्हटलं तरी एक वर्ष वाया जायची भीती, म्हणून घर निमूट पैसे भरतं.

म्हणून हे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच मागा. सवलत ट्यूशनवर की पूर्ण फीवर? दरवर्षीच्या वाढलेल्या फीचे ४० टक्के, की पहिल्या वर्षी ठरलेले १,४०,००० रुपयेच कायम? (दुसऱ्या रीतीने चार वर्षांत आपल्या उदाहरणात ४३ हजार रुपये जास्त जातात.) अट एका सत्राच्या गुणांवर की सीजीपीएवर? एकदा गेली तर पुढे गुण सुधारल्यावर परत मिळते का? शाखा बदलली तर राहते का? आणि मागच्या बॅचमध्ये पहिल्या वर्षी किती जणांना दिली, दुसऱ्या वर्षी किती जणांची टिकली? या शेवटच्या प्रश्नाला सरळ आकडा देणारी संस्था दिसली तर तिच्या नावापुढे एक चांगली खूण करायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवर 'डोन्ट वरी सर, होऊन जाईल' हे उत्तर धरायचं नाही.

'पण प्लेसमेंट पुण्यातच होते ना?'

आक्षेप खरा आहे. पुण्यात कंपन्या आहेत, इंटर्नशिप जवळ मिळते, मुलं मुलांना बघून शिकतात. याची किंमत आहे आणि ती मोजावीशी वाटली तर जरूर मोजा. फक्त पोस्टरवरचा आकडा बघून मोजू नका.

पोस्टरवर 'हायेस्ट पॅकेज' असतं, ते एका मुलाचं. विचारायचं ते मीडियन: सगळ्या पगारांची चढती रांग लावली तर मधोमध येतो तो पगार. एखाद्या वर्गात एकाला चाळीस लाख आणि बाकीच्यांना चार-साडेचार मिळाले, तर सरासरी फुगते पण मीडियन जागचं हलत नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थांना मीडियन पगार, नोकरी लागलेल्यांची संख्या आणि पुढे शिकायला गेलेल्यांची संख्या द्यावी लागते. ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर असते. तिथे मीडियनशेजारी किती मुलांना नोकरी लागली तेही बघा. साठ जणांपैकी वीस जणांचं मीडियन आणि पन्नास जणांचं मीडियन यात फरक आहे. तुमच्या शाखेचे आकडे वेगळे मागा, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर सिव्हिलचा प्रवेश घेऊ नका. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकनही शाखेनुसार असतं, संपूर्ण कॉलेजला नसतं.

आणि एक साधी तुलना करा. दोन ठिकाणच्या मीडियनमध्ये वर्षाला किती फरक आहे आणि खर्चातला साडेदहा लाखांचा फरक त्यातून किती वर्षांत निघतो?

'लोन काढू, त्यात काय?'

शैक्षणिक कर्ज मिळतं. ४ लाखांपर्यंत सहसा तारण आणि स्वतःची गुंतवणूक लागत नाही, साडेसात लाखांच्या वर तारण मागितलं जातं. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं.

१० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता महिन्याला १३,२१५ रुपये. एकूण परतफेड १५ लाख ८६ हजार. हप्ता सुरू व्हायच्या आधी साठलेलं व्याज यात धरलेलं नाही. नोकरी लागलेल्या मुलाच्या पहिल्या पगारातून खोलीचं भाडं, जेवण आणि हा हप्ता निघतो का, हे त्याच्यासमोर बसून बघा. कर्ज त्याच्या नावावर असतं, तुम्ही सहकर्जदार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. पण ती ठरावीक दर्जाच्या संस्थांनाच. ऑफर देणारी संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत जायच्या आधी बघा.

'आज पैसे भरले नाहीत तर सीट जाईल'

बहुतेक वेळा जात नाही, पुन्हा फोन येतो. तरी सुरक्षित म्हणून एक जागा धरून ठेवायची इच्छा होणं साहजिक आहे. तसं करायचं असेल तर परतीचे नियम आधी माहीत हवेत.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. यूजीसी एखाद्या वर्षासाठी याहून सवलतीच्या तारखाही काढते, त्या बघाव्यात. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही. म्हणून मूळ एलसी देण्यापूर्वी पडताळणी करून परत देणार का ते विचारा. एलसी अडकली की कॅपचा प्रवेश खोळंबतो आणि नियम आपल्या बाजूने असूनही धावपळ आपलीच होते.

कॅपच्या फेऱ्यांचंही एक लक्षात ठेवा. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तर तसंच. त्यामुळे 'बघू मिळतंय का' म्हणून एखादं कॉलेज वर टाकायचं नाही. ज्याचा चार वर्षांचा खर्च घराने मान्य केला आहे तेच वरच्या सहांत हवं.

कागदांमुळे अडतं ते कुठे

स्कॉलरशिप पात्रतेवर अडते त्याहून जास्त कागदांवर अडते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून एप्रिलनंतरचा नवा लागतो. मे-जूनमध्ये सेतूत रांग असते, एप्रिलमध्येच अर्ज टाका. डोमिसाइल, लागू असेल तसं नॉन-क्रीमिलेयर, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि जातवैधता हे सगळं कॅपची नोंदणी सुरू व्हायच्या आधी हातात हवं. जातवैधतेला वेळ लागतो, ते काम अकरावीतच सुरू केलेलं बरं.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेशानंतर भरायचा असतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथे नेहमीची गफलत अशी: खात्याला आधार 'लिंक' असतो, पण सरकारी पैसे जमा होण्यासाठी दुसऱ्याच बँकेचं खातं नोंदलेलं असतं. शाळेत असताना उघडलेलं एखादं बंद पडलेलं खातं. पैसे तिकडे जातात किंवा परत फिरतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का' असं स्पष्ट विचारायचं.

घरात बसून काय ठरवायचं

मुलाला आकडे माहीत नसतात, म्हणून तो हट्ट करतो. आईवडिलांना मुलाला काय शिकायचंय ते नीट माहीत नसतं, म्हणून ते फी बघतात. वहीच्या एका पानावर प्रत्येक कॉलेजला एक रकाना द्या. वरून खाली: मूळ फी, त्यातली ट्यूशन, सवलत आणि तिची अट, राहणं-जेवण, ये-जा, चार वर्षांची बेरीज. शेवटी आणखी एक ओळ: सवलत गेली तर बेरीज किती. मुलानेच हे लिहावं. स्वतःच्या अक्षरात १९ लाख २९ हजार लिहिताना हात जरा थांबतो.

मग वडिलांनी दोन आकडे सांगावेत. दरवर्षी घरातून न ओढता किती निघतील, आणि धाकट्याच्या शिक्षणासाठी किती हात न लावता ठेवायचे. धाकटा दहावीत असेल तर थोरला तिसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा त्याचाही प्रवेश समोर येणार, म्हणजे दोन वर्षं दोघांच्या फिया एकदम. आजोबांची एफडी आणि रानाचा तुकडा हे आकडे या पानावर घ्यायचे की नाही, तेही त्याच बैठकीत आणि आजोबांना विचारून ठरवावं.

बेरजा झाल्या की सवलत गेल्यावरही झेपणारी कॉलेजं एकीकडे काढा. पसंतीक्रम त्यांच्यातच लावायचा आणि तो मुलाने लावायचा, शाखा आणि शिकवण्याचा दर्जा बघून. उरलेली ऑफर सोडायची ठरली, तर नकाराचा ईमेल त्याच दिवशी पाठवा आणि भरलेल्या पैशाच्या पावतीची प्रत सोबत जोडा. किती टक्के फी परत मिळणार, हे त्या तारखेवरून ठरतं.